झिऱ्याची वाळू

निजामाच्या राजवटीत, आमच्या आजोबांच्या लहानपणी, उन्हाळ्यात गोदावरीचं पात्र आटलं की गंगाखेडकडच्या गावांतल्या बाया वाळूत हातभर झिरा उकरायच्या. पहिलं गढूळ पाणी वाटीनं उपसून टाकायचं, जरा दम धरायचा, मग नितळ पाणी पाझरू लागे. तेच घागरीत. "गंगेचं पाणी कधी बाधलं नाही," आजोबा सांगायचे. आजी तिथंच टोकायची, "अन् पटकीत माणसं गेली ती कशानं हो?" तिच्या माहेरी जत्रेनंतर पटकी शिरली, तेव्हा एका घरात दिवा लावायला माणूस उरलं नव्हतं. तेव्हा जुना काळ निरोगी होता, असं मी म्हणणार नाही. पण झिरपताना पाण्यातला गाळ आणि बरीचशी घाण वाळू धरून ठेवायची, एवढं खरं.

ती वाळू आता आपल्या भिंतींत आहे. आपल्या परभणी जिल्ह्याची लोकसंख्या 2001 मध्ये 15 लाख 27 हजार होती, 2011 मध्ये 18 लाख 36 हजार झाली. पांढऱ्या मातीची माळवदं पडली, स्लॅब आले. (माझं घरही त्यातलंच.) पात्रात उरले खड्डे.

वरूनही काही शुद्ध येत नाही. नाशिकपासून गावोगावचं सांडपाणी गोदावरीत उतरतं. छत्रपती संभाजीनगरची घाण घेऊन खाम नदी पैठणच्या नाथसागराला मिळते. जालना शहरातून येणारी कुंडलिका दुधनेत, दुधना पूर्णेत आणि पूर्णा आपल्याच जिल्ह्यात गोदावरीत. पूर्वी वाहतं पाणी ही घाण पातळ करी. आता जायकवाडीखाली ढालेगाव, मुदगल, डिग्रस असे बंधारे आहेत. शेतीला त्यांचा आधार आहे, नाकारून चालणार नाही. पण उन्हाळ्यात तुंबलेल्या पाण्यात पडलेलं तिथंच कुजतं. असं पाणी नीट शुद्ध न होता पोटात गेलं की हगवण, कावीळ, विषमज्वर ठरलेलेच. कारखान्याच्या सांडपाण्यातली रसायनं तर उकळूनही जात नाहीत.

पाणी प्रदूषणाचा कायदा 1974 सालचा आहे. तो साखर कारखान्याला लागू आहे, तसा नगरपालिकेच्या नाल्यालाही. कारखान्याच्या नावानं आपण मोर्चे काढतो, नाल्याबद्दल मात्र चकार शब्द नाही, कारण त्यातलं पाणी आपल्याच मोरीतलं. पुढच्या निवडणुकीत मत मागायला कुणी दारात आलं, तर रस्त्याआधी एवढं विचारा: नाला नदीत सोडण्याआधी शुद्ध कुठं करणार, आणि कधीपासून?