जुन्या गाडीचा हेडलाइट मिणमिणतोय? एलईडी बल्ब घेण्याआधी हे वाचा

पेण तालुक्यातलं गागोदे बुद्रुक हे विनोबा भावे यांचं जन्मगाव. ११ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांचा जन्म झाला. पेणच्या बाजारपेठेतून अशा आतल्या गावांकडे रात्री गाडी वळवली की पथदिवे मागे राहतात. पुढे अरुंद रस्ता, कडेला भाताची खाचरं, मध्येच बसलेली गुरं आणि मागचा लाल दिवा नसलेली एखादी दुचाकी. पंधरा-वीस वर्षं जुनी गाडी असेल तर चालकाला कळतं की आपला हेडलाइट पिवळट मिणमिणतोय, रस्त्यापर्यंत पोहोचतच नाहीये.

मग बहुतेक जण एकच गोष्ट करतात. ॲक्सेसरीजच्या दुकानात जाऊन पांढरे झगमगीत एलईडी बल्ब बसवून घेतात. भिंतीवर उजेड भरपूर दिसतो आणि पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात या कामात बल्बचा नंबर शेवटचा असायला हवा.

किती लांबचं दिसायला हवं?

ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १७ मीटर. समोर काही दिसलं आणि पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद धरला तर गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते. कोरड्या डांबरावर थांबायला आणखी २३-२५ मीटर लागतात. म्हणजे एकूण ५० मीटरच्या आसपास. पावसात हाच आकडा ६० मीटरवर जातो आणि टायर गुळगुळीत असतील तर त्याच्याही पुढे. वेग ८० केला की कोरड्या रस्त्यावरच ७५ मीटर लागतात.

चांगल्या अवस्थेतला हॅलोजनचा डिपर, म्हणजे लो बीम, ५०-६० मीटरपर्यंत कामाचा उजेड देतो. त्यामुळे डिपरवर ८० ने जाणारा चालक दिसतं त्याच्या पुढे गाडी हाकत असतो. हेडलाइट थकलेला असेल तर ६० चा वेगही जास्तच.

आधी काच बघा

साधारण नव्वदच्या दशकानंतरच्या गाड्यांच्या हेडलाइटला काच नसते, पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असतं. त्यावर उन्हापासून वाचवणारा पातळ थर दिलेला असतो. हा थर गेला की प्लास्टिक पिवळं, दुधाळ होतं. अशा लेन्सने उजेड अडतोच, शिवाय तो चहूकडे पसरतो. आपल्याला कमी दिसतं आणि समोरच्याचे डोळे दिपतात. किनारपट्टीवर उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांचं हे नेहमीचं दुखणं आहे.

यावर टूथपेस्ट घासण्याचे व्हिडिओ भरपूर फिरतात. त्याने लेन्स चमकते, पण थोडेच दिवस. नीट पद्धत अशी: पाणी मारत आधी ८०० नंबरचा पॉलिश पेपर, मग १५००, मग २००० किंवा ३०००, त्यानंतर पॉलिश, आणि शेवटी अतिनील किरण रोखणारा क्लिअर कोट. हा शेवटचा थर टाळला तर काही महिन्यांत लेन्स पुन्हा पिवळी पडते. अनेक दुकानांत नेमकी हीच पायरी गाळली जाते, म्हणून काम देताना आधीच विचारून घ्यावं.

पद्मिनी, ॲम्बेसेडर किंवा जुनी मारुती ८०० असेल तर काच खरी असते, ती पिवळी पडत नाही. तिथे आतला रिफ्लेक्टर तपासावा. चांदीसारखी चकाकी जाऊन तो राखाडी झाला असेल किंवा गंजाचे डाग दिसत असतील, तर कितीही महागडा बल्ब घातला तरी उपयोग शून्य. आत फडकं घालून पुसायला जाऊ नये, उरलेला मुलामाही निघतो. अशा वेळी पूर्ण हेडलाइटच बदलायचा, तोही मूळ कंपनीचा किंवा चांगल्या बनावटीचा. स्वस्त डुप्लिकेट दिव्यांचा रिफ्लेक्टर दिसायला सारखा असला तरी उजेड नेमक्या जागी टाकत नाही.

खरा चोर वायरिंगमध्ये

लेन्स स्वच्छ आहे, रिफ्लेक्टर झकास आहे, बल्ब नवा आहे, तरी उजेड पिवळा? मग वीज वाटेतच गळते आहे.

बऱ्याच जुन्या गाड्यांमध्ये हेडलाइटचा सगळा करंट बॅटरीतून निघून स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून बल्बपर्यंत जातो. वायर बारीक, जोड काळवंडलेले, अर्थिंग गंजलेलं. प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा व्होल्टेज कमी होत जातो. हॅलोजनच्या बाबतीत ही गळती फार महागात पडते, कारण त्याचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्यापेक्षा कितीतरी वेगाने पडतो. व्होल्टेज १० टक्के घटला की उजेड जवळपास ३० टक्के घटतो. १३.२ व्होल्टला १००० ल्युमेन देणारा एच-४ बल्बचा डिपर ११.९ व्होल्टवर ७०० च्या आसपास येतो.

हे मोजायला साधा मल्टिमीटर पुरतो. इंजिन आणि हेडलाइट चालू ठेवून आधी बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज बघायचा, मग पेटलेल्या बल्बच्या कनेक्टरच्या मागून. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आला तर इलाज वायरिंगचा करायचा, बल्बचा नाही. बल्बची अर्थची पिन आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यातही एकदा मोजून पाहावं. कधी कधी सगळा दोष गंजलेल्या एका नटाचा असतो आणि पॉलिश पेपर मारून काम फुकटात होतं.

नाहीतर रिले बसवायचा. यात बॅटरीतून जाड वायर फ्यूजमधून रिलेच्या ३० नंबरच्या पिनला येते आणि ८७ मधून थेट बल्बकडे जाते. जुन्या स्विचची वायर फक्त ८५ आणि ८६ वरच्या कॉइलला चालू-बंद करते. स्विचवरचा भार १० अँपिअरवरून एका अँपिअरच्याही खाली येतो, त्यामुळे स्विच जळण्याची भीतीही जाते. जुन्या गाडीच्या हेडलाइटवर पैसे खर्च करायचेच असतील, तर सर्वात आधी इथे करावेत.

दोन गोष्टी मात्र इलेक्ट्रिशियनला सांगाव्या लागतात. फ्यूज बॅटरीच्या जवळच हवा, आणि डाव्या-उजव्या दिव्यांना वेगळे फ्यूज हवेत. सगळं एकाच फ्यूजवर असेल आणि तो कर्नाळ्याच्या वळणावर उडाला, तर दोन्ही दिवे एकदम जातात. काही जपानी बनावटीच्या गाड्यांत स्विच निगेटिव्ह बाजूला असतो, तिथे बाजारातला सरसकट रिले किट जसाच्या तसा चालत नाही. हेडलाइटचं नियंत्रण संगणकाकडे असलेल्या अलीकडच्या गाड्यांत तर वायरिंगला हातच लावू नये.

आता बल्ब

एच-४ बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात: ५५ वॅटचं डिपरसाठी, ६० वॅटचं अपरसाठी. डिपरच्या फिलामेंटखाली धातूची छोटी वाटी असते. त्यामुळे उजेड रिफ्लेक्टरच्या वरच्याच भागावर पडतो आणि तिथून खाली रस्त्याकडे वळतो. वर अंधार, खाली उजेड ही सीमारेषा या वाटीमुळे तयार होते. फिलामेंट एक-दोन मिलिमीटर सरकलं तरी सगळी रचना बिघडते.

एलईडीच्या चिपा नेमक्या त्या जागी, त्या आकारात बसवणं अवघड असतं. स्वस्त बल्बमध्ये ते जमत नाही. मग उजेड वर उडतो, समोरून येणाऱ्या एसटीच्या चालकाच्या डोळ्यात जातो आणि गाडीसमोरच्या दहा-पंधरा मीटरवर पांढराशुभ्र डाग पडतो. हा डागच फसवतो. जवळ फार उजेड असला की बाहुली आकुंचन पावते आणि लांबचा अंधार आणखी गडद होतो. चालकाला वाटतं छान दिसतंय, आणि पन्नास मीटरवरची म्हैस दिसतच नाही.

१००/९० वॅटचे बल्ब हा दुसरा मोह. दोन बल्ब मिळून अपरवर १६ अँपिअरपेक्षा जास्त करंट खेचतात. जुनी वायर तापते, होल्डर वितळतो, रिफ्लेक्टरचा मुलामा करपतो. निळसर काचेचे ‘झेनॉनसारखे’ बल्ब उजेड वाढवत नाहीत, गाळतात.

राहिला साधा मार्ग: नामांकित कंपनीचा ६०/५५ वॅटचा चांगल्या प्रतीचा हॅलोजन बल्ब, दोन्ही बाजूंना एकदम नवा. खोक्यावरचं ‘१०० टक्के जास्त उजेड’ रस्त्यावरच्या ठरावीक बिंदूपुरतं असतं, आणि असे बल्ब लवकर जातात. बसवताना काचेला बोटं लावायची नाहीत, तेलाचा डाग तिथे तापून काच फोडतो.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत असा दिवा खाली वळलेला असावा, हे केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये वेगळं सांगितलेलं आहे. जर्मनीत २०२० मध्ये पहिल्यांदा एका कंपनीच्या एलईडी बल्बला रस्त्यावर वापरायची मान्यता मिळाली, तीही चाचणी झालेल्या ठरावीक गाड्यांपुरती. ‘परदेशात चालतं’ असं दुकानदार म्हणतो तेव्हा ही अट तो सांगत नाही.

फोकस लावणं

सगळं करून फोकस चुकीचा ठेवला तर मेहनत वाया. सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करावी. टायरमध्ये हवा बरोबर, चालकाच्या जागी माणूस बसलेला. हेडलाइटच्या मध्याची उंची भिंतीवर खुणावून त्याच्या १० सेंटिमीटर खाली डिपरची वरची रेघ यायला हवी. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात, त्यामुळे बहुतेक दिव्यांत ही रेघ डाव्या टोकाला वर चढते, कडेने चालणारा माणूस दिसावा म्हणून. ती उजवीकडे चढत असेल तर दिवा दुसऱ्या देशासाठी बनलेला आहे. तो परत करावा.

चालकाच्या डोळ्यांचाही यात वाटा आहे. साठीतल्या डोळ्यांच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्यांच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोहोचतो. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर समोरचा प्रत्येक दिवा फुटल्यासारखा दिसतो. त्यावर उपाय गॅरेजमध्ये मिळत नाही. विंडशील्डच्या आतल्या बाजूला जमलेला धुरकट थर मात्र घरी पुसता येतो, आणि तो बहुतेक गाड्यांत असतो.

गणपतीत मुंबईहून रात्री निघालेली गाडी पेण-वडखळ ओलांडते तेव्हा डिकी सामानाने भरलेली आणि मागे तिघं-चौघं बसलेली असतात. मागचा भाग बसतो, पुढचा उचलतो, आणि घरी नीट लावलेला डिपर थेट समोरच्याच्या डोळ्यावर जातो. डॅशबोर्डवर ० ते ३ आकड्यांची हेडलाइटची चकती असेल तर अशा वेळी ती २ किंवा ३ वर न्यावी. चकती नसेल तर निघण्याआधी, सामान भरल्यावर, दिव्यामागचे स्क्रू फिरवून फोकस खाली घ्यावा आणि परतल्यावर पुन्हा जागेवर आणावा.