कर्णबधिर मुलांचें शरीरबल आणि त्याचें मोजमाप

काटोलचें नांव संत्र्याशीं जोडलेलें आहे. आंबिया बहार असो कीं मृग बहार असो, फळ तोडून बाजारांत आलें म्हणजे त्याची पारख होते. ज्या तराजूंत पासंग आहे त्या तराजूनें केलेलें वजन कोणताही शहाणा बागाईतदार मान्य करीत नाहीं. फळाला दोष देण्यापूर्वीं तो कांट्याकडे बोट दाखवितो. हाच न्याय माणसाच्या शरीराचें मोजमाप करतांना मात्र पुष्कळ वेळां विसरला गेला आहे. ज्यांना ऐकूं येत नाहीं त्या मुलांच्या शरीरबलाची परीक्षा कशी झाली याचा इतिहास म्हणजे बव्हंशीं तराजूंतील पासंग शोधण्याचा इतिहास होय.

बहिऱ्याला बोलतां येत नाहीं, म्हणून त्याला बुद्धि नाहीं, आणि बुद्धि नाहीं म्हणून तो कोणत्याच कामाचा नाहीं, ही समजूत जगांत फार जुनी. ती प्रथम शाळांनीं मोडून काढली. हिंदुस्थानांत मुंबईची मूकबधिरांची शाळा बिशप मोरँ यांच्या पुढाकारानें एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकांत निघाली, आणि कलकत्त्याची १८९३ मध्यें. परंतु त्या काळचा सर्वांत मोठा वाद वाणीविषयीं होता. १८८० सालीं इटलींतील मिलान येथें भरलेल्या परिषदेनें हातांच्या खुणांपेक्षां तोंडच्या बोलीस प्राधान्य दिलें, आणि पुढें कित्येक दशकें शिक्षकांचें सारें लक्ष मुलाच्या ओठांवर खिळून राहिलें. त्याच्या पायांकडे, छातीकडे आणि दमाकडे पाहण्यास कोणास फारशी सवड झाली नाहीं.

शरीराकडे पाहिलें तें आधीं शास्त्रज्ञांनीं. कानाच्या आंतील भागांत शंखाकृति नळीशेजारीं तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्या ऐकण्यासाठीं नसून तोल सांभाळण्यासाठीं आहेत, याची पहिली खूण फ्रान्समधील फ्लूराँ यांना १८२४ च्या सुमारास कबुतरांवरील प्रयोगांत पटली. १८६१ मध्यें मेनियेर यांनीं माणसाच्या घेरीचा संबंध आंतल्या कानाशीं जोडला. पुढें अमेरिकेंतील विल्यम जेम्स यांनीं एक साधा प्रश्न विचारला: ज्यांचा आंतला कान बिघडलेला आहे त्यांना गरगर फिरविलें तर घेरी येते काय? १८८२ मध्यें त्यांनीं ५१९ मूकबधिरांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकीं १८६ जणांना घेरी मुळींच आली नाहीं, आणि १३४ जणांना अगदीं थोडी आली. उलट, ऐकूं येणाऱ्या सुमारें २०० विद्यार्थ्यांत घेरी न येणारा अवघा एक निघाला.

या आंकड्यांचा अर्थ नीट ध्यानांत घेतला पाहिजे. ५१९ पैकीं उरलेल्या १९९ जणांना इतरांप्रमाणेंच घेरी आली. म्हणजे प्रत्येक बहिऱ्याचा तोल बिघडलेला असतो असें नव्हे. ज्याचें बहिरेपण मस्तिष्कावरणदाहासारख्या आजारानें आलेलें असतें, त्याच्या तोलाच्या नलिकाही पुष्कळदां निकामी होतात. असा मुलगा उजेडांत डोळ्यांच्या आणि तळपायांच्या आधारानें सहज धांवतो. परंतु अंधारांत किंवा डोळे मिटून एका पायावर उभा राहिला कीं डगमगतो. पाण्याखालीं तर त्याला वर कोणतें व खालीं कोणतें हेंच उमगेनासें होतें, आणि हा धोका जेम्स यांनीं तेव्हांच नमूद केला होता. ज्या मुलखांत मुलें विहिरींत पोहावयास शिकतात, तेथें ही गोष्ट केवळ पुस्तकी नव्हे. पोहण्यापूर्वीं अशा मुलाचा तोल पाहणें हें त्याच्या जिवाचें रक्षण आहे.

एकाच्या ठिकाणीं जी उणीव, तीच दुसऱ्या ठिकाणीं बळ ठरते. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेंत अंतराळप्रवासाची तयारी सुरू झाली, तेव्हां गॅलॉडेट या बधिरांच्या महाविद्यालयांतील अकरा जणांवर प्रयोग झाले. त्यांपैकीं दहा जणांचें श्रवण मस्तिष्कावरणदाहानें गेलें होतें. खवळलेल्या समुद्रांत बोट हेलकावे खात असतां परीक्षा घेणारे संशोधक ओकाऱ्यांनीं बेजार झाले, आणि ज्यांची परीक्षा होती ते स्वस्थपणें पत्ते खेळत बसले!

मैदानावरील इतिहासही असाच बोलका आहे. स्वतः बधिर असलेल्या यूजेन रुबेन्स-आल्के या फ्रेंच गृहस्थानें १९२४ च्या ऑगस्टमध्यें पॅरिस येथें बधिरांचे पहिले आंतरराष्ट्रीय सामने भरविले. नऊ राष्ट्रांनीं भाग घेतला. नियम तेच, अंतरें तींच; बदलली ती केवळ इशाऱ्याची रीत. आजही या सामन्यांत बंदुकीच्या बाराऐवजीं दिव्याची खूण असते. स्पर्धकाच्या बऱ्या कानाचें श्रवण निदान ५५ डेसिबलनें कमी असावें लागतें, आणि खेळतांना श्रवणयंत्र काढून ठेवावें लागतें. हरयाणाचे मल्ल वीरेंद्र सिंग यांनीं २००५ मध्यें मेलबर्न येथें याच सामन्यांत सुवर्णपदक मिळविलें, आणि २०२१ मध्यें त्यांना पद्मश्री लाभली. कुस्तींत प्रतिस्पर्ध्याचा डाव कानानें नव्हे, अंगाच्या स्पर्शानें कळतो.

वऱ्हाड-नागपूरकडे व्यायामाची परंपरा कमी नव्हती. अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्यें वैद्य बंधूंनीं स्थापिलें, आणि १९३६ मध्यें त्याच्या पथकानें बर्लिन येथें देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें केलीं. बडोद्याच्या प्रो. माणिकरावांनीं सांघिक व्यायामाला देशी भाषेंतील हुकूम दिले. परंतु हुकूम इंग्रजी असो वा देशी असो, तो कानासाठींच होता. रांगेंतील बधिर मुलगा शेजाऱ्याकडे पाहून हात उचलतो, आणि तेवढा एक क्षण मागें पडतो. पाहणारा म्हणतो, मुलगा मंद आहे.

हाच पासंग पुढें शास्त्रीय कसोट्यांतही शिरला. १९८२ मध्यें लेजे व लँबर्ट यांनीं वीस मीटरांच्या येरझाऱ्यांची कसोटी प्रसिद्ध केली. यंत्राच्या ठराविक नादासरशीं धांवावयाचें, नाद उत्तरोत्तर लवकर होत जावयाचा, आणि जेथें मूल मागें पडेल तेथें त्याच्या दमाची मर्यादा मानावयाची. हृदय व फुप्फुसें यांची ही उत्तम परीक्षा खरी. परंतु ज्याला नादच ऐकूं येत नाहीं त्याचें मागें पडणें हें दमाचें माप कसें ठरणार? तेंच मूल दिव्याच्या लुकलुकीबरोबर किंवा वेग ठाऊक असलेल्या सोबत्याबरोबर धांवलें, तर माप त्याच्या दमाचें होतें. अमेरिकेंत विनिक व शॉर्ट यांनीं याच सुमारास बधिर मुलांची विस्तृत तपासणी केली, तेव्हां बहुतेक कसोट्यांत त्यांच्यांत आणि ऐकणाऱ्या मुलांत फारसें अंतर आढळलें नाहीं.

आतां हा प्रश्न काटोलसारख्या गांवांच्या दाराशीं येऊन ठेपला आहे. २०१९ पासून फिट इंडिया चळवळ देशभर सुरू आहे, आणि पन्नास मीटर धांव, सहाशें मीटर धांव, पोटाच्या उठाबशा, जोर अशा कसोट्या शाळांतून घेतल्या जातात. लहानांसाठीं एका पायावर तोल धरण्याची कसोटीही आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें क्रीडेंत सर्वांना सामावून घेण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. तिच्यासाठीं मोठा खर्च नको. शिट्टीबरोबर निशाण खालीं आणावें; कसोटी आधीं करून दाखवावी; मुलाकडे तोंड करून बोलावें; तोलाचे गुण दमाच्या गुणांत मिसळूं नयेत, आणि ते कमी पडल्यास मुलास शिक्षा न करतां वैद्याकडे पाठवावें.

एवढें केलें तर गुणपत्रकावरील आंकडा मुलाचा असेल, शिट्टीचा नव्हे. तोल सुधारण्यास सरावानें पुष्कळ मदत होते; परंतु चुकीच्या मापानें दुबळें ठरविलेलें मूल मैदानावरून एकदां परत गेलें, म्हणजे त्या सरावाची संधीच त्याच्या हातून जाते. फळाला आंबट म्हणण्यापूर्वीं कांटा तपासणारें हें गांव आपल्या मुलांच्या बाबतींत तेवढाच चोखंदळपणा दाखवील, अशी अपेक्षा करणें गैर नाहीं.