मौनाचे दोन अर्थ

१९३९ साली आपल्या वाशिमात वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट उजेडात आला. वत्सगुल्म म्हणजे आपले वाशिमच. तेथून राजाने आपल्या राज्याच्या ३७व्या वर्षी दिलेल्या ग्रामदानाचा तो लेख. हा लेख एकदा वाचला काय किंवा शंभरदा वाचला काय, दान एकदाच होते; गाव शंभर होत नाहीत. आज ज्या यंत्रविद्येचा इतिहास सांगायचा आहे, तिची किल्ली ह्या साध्या गोष्टीत आहे.

युनिक्स ही संगणकप्रणाली १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मली. पुढे १९८२ साली कॅलिफोर्नियात सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी निघाली. तिच्या संस्थापकांत पुण्यात जन्मलेले विनोद खोसला होते. ह्या कंपनीने १९८४ च्या सुमारास नेटवर्क फाइल सिस्टिम, म्हणजे एनएफएस, सिद्ध केली. दप्तर एका संगणकात ठेवावे आणि तारेने जोडलेल्या इतर संगणकांनी ते घरच्यासारखे वापरावे, ही ती योजना. दप्तर सांभाळणारा तो सर्व्हर, मागणारा तो क्लायंट.

योजनेत एक धाडसी निर्णय होता. कोणी काय मागितले हे सर्व्हरने लक्षातच ठेवायचे नाही. कोणती फाइल, कोठून, किती अक्षरे, हे प्रत्येक मागणीत पुरते लिहिलेले असावे. उत्तर आले नाही तर क्लायंटने तीच मागणी पुन्हा करावी. सर्व्हर बंद पडून पुन्हा उठला तरी काही बिघडत नाही, कारण वाचन ताम्रपटासारखे असते. कितीदा केले तरी फळ तेच. मात्र फाइल पुसण्याची मागणी तशी नाही. पहिल्या वेळी फाइल पुसली जाते, पण उत्तर हरवते. दुसऱ्या वेळी सर्व्हर म्हणतो, अशी फाइलच नाही! म्हणून अलीकडच्या मागण्या व त्यांची उत्तरे काही काळ जपून ठेवण्याचा उपाय चेट युश्चाक यांनी १९८९ साली मांडला.

पण वाट किती पाहायची? जुन्या सनच्या यंत्रांत पहिली मुदत ०.७ सेकंदाची असे. तेवढ्यात उत्तर आले नाही की मागणी पुन्हा जाई आणि मुदत वाढे. येथेच खरी मेख होती. मौनाचे अर्थ दोन. एक, सर्व्हर कामात बुडालेला आहे. दुसरा, निरोप वाटेत हरवला आहे. त्या काळी ८ किलोबाइटचा एक तुकडा तारेवरून सहा पुड्यांत जाई आणि एक पुडी गळाली की सहाही पुन्हा पाठवाव्या लागत. सर्व्हर थकलेला असताना मागण्यांचा मारा वाढवणे म्हणजे दमलेल्या बैलाला पराणी टोचणे होय. १९८६ च्या ऑक्टोबरात बर्कलेच्या परिसरातील दोन संस्थांमधील मार्गावर अशीच कोंडी झाली आणि वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आला. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ साली त्यावर प्रसिद्ध निबंध लिहिला.

निदानाची रीत मोठी सुबक होती. एनएफएसस्टॅट नावाची आज्ञा दोन आकडे दाखवी : मुदत किती वेळा टळली आणि एकाच मागणीला दोनदा उत्तरे किती आली. दोन्ही आकडे जवळपास सारखे, तर निरोप पोचत आहेत, सर्व्हर मंद आहे; मुदत वाढवावी, त्याचा भार उतरवावा. मुदती पुष्कळ टळल्या, पण दुहेरी उत्तरे जवळजवळ शून्य, तर निरोप वाटेत गळत आहेत. तार तपासावी, तुकडे लहान करावे.

घाईचा उपायही होता, तो म्हणजे काही वेळाने नाद सोडून चूक झाली असे कळवणे. ज्या कचेरीत कारकून नोंदी लिहीत आहे आणि त्याचा प्रोग्राम ती सूचना मनावर घेत नाही, तेथे अर्धी नोंद जाते व कोणाला कळतही नाही. एखाद्याचा सातबारा असा अर्धा राहिला तर? म्हणून महत्त्वाच्या दप्तरासाठी कायम वाट पाहण्याचीच रीत जाणते लोक सुचवीत आले. १९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून हरवलेल्या पुड्यांची काळजी टीसीपीवर सोपवणे सोपे झाले. तरी मौनाचा प्रश्न मिटला नाही.

तात्पर्य, उत्तर आले नाही म्हणून लगेच ओरडू नये आणि लगेच नाद सोडू नये. मौन कोणत्या जातीचे आहे ते आधी मोजून पाहावे.