पाण्याची खतावणी : पाणपोईपासून नळयोजनेपर्यंत

तहानलेल्यास पाणी देणे हे आपल्या समाजात थोर पुण्यकर्म मानले गेले आहे. जैन परंपरेने त्यास अहिंसेच्या सूक्ष्म विवेकाची जोड दिली. पाणी दुहेरी वस्त्राने गाळावे आणि जिवाणी ज्या जलाशयातील, त्याच जलाशयात जपून सोडावी, असा दंडक घालून दिला. दात्यांनी पाणपोया व विहिरी बांधल्या. परंतु बांधकाम एका दानाने होते. ते चालविण्यास मात्र वर्षानुवर्षांचा चोख हिशेब लागतो.

खानदेशातील पांझरा आणि नाशिक जिल्ह्यातील मोसम या नद्यांवरील फड पद्धती याची साक्ष देते. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट आणि पाटाखाली शेतीचे फड अशी तिची रचना. पाटकऱ्याचे वेतन व पाटाची सफाई लाभधारकांनीच मिळून सांभाळावयाची, या नियमावर ती अनेक पिढ्या टिकली.

१९७२ च्या दुष्काळानंतर विंधन विहिरी, हातपंप व पुढे नळयोजना शासनाने गावोगावी उभारल्या. योजना गावात आल्या, मात्र त्यांचा जमाखर्च गावाच्या हाती आला नाही. वीजबिल थकले अथवा पंप जळाला की टाकी कोरडी पडे आणि महिलांच्या डोक्यावर पुन्हा हंडा येई.

ही उणीव ओळखून २००२ मध्ये केंद्राने स्वजलधारा योजना आणली. भांडवली खर्चाचा १० टक्के वाटा आणि देखभालीचा संपूर्ण खर्च लाभधारकांनी उचलावा, हे तिचे सूत्र होते. महाराष्ट्रात २००३ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या जलस्वराज्य प्रकल्पानेही गाव समितीच्या हाती कारभार दिला. २०१९ च्या जल जीवन मिशनने प्रत्येक ग्रामीण घरी नळाद्वारे दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट ठेवले.

उदाहरणादाखल २०० कुटुंबांची एक योजना घेऊ. वीज, जंतुनाशक पावडर व पंपचालकाचे वेतन मिळून दरमहा १६,००० रुपये आणि दुरुस्ती निधीसाठी ४,००० रुपये धरल्यास प्रत्येक कुटुंबास १०० रुपये पाणीपट्टी येते. त्यांपैकी ४० कुटुंबांनी भरणा केला नाही, तर नेमके ४,००० रुपये कमी पडतात. पाणी त्या महिन्यात येतच राहते, म्हणून तूट कोणाच्या ध्यानी येत नाही; पंप बंद पडतो त्या दिवशी निधी मात्र शून्य असतो.

उत्पाद, व्यय व ध्रौव्य ही त्रयी जैन दर्शनास परिचित आहे. जमा हा उत्पाद, खर्च हा व्यय, तर झीज भरून काढणारा राखीव निधी हेच योजनेचे ध्रौव्य म्हणता येईल. ज्या कुटुंबांस पाणीपट्टी खरोखरच झेपत नाही, त्यांचा वाटा दानातून भरला जावा, म्हणजे निधीही अखंड राहील आणि कोणी तहानलेलेही राहणार नाही. टाकीवर दात्याचे नाव कोरले जाते, दुरुस्ती निधीवर कोणाचेच नाव नसते. तथापि त्या निनावी दानाचे पुण्य तसूभरही उणे नाही.