पाली, पाल आणि पाळी



पालीला बल्लाळेश्वराच्या दर्शनाला येणारी माणसं कधी कधी विचारतात, बुद्धाची पाली भाषा ती इथलीच का? ठाणाळे आणि खडसांबळे ही बौद्ध लेणी आपल्या सुधागड तालुक्यातच, त्यामुळे तर्क खरा वाटतो. आम्हाला तो पटत नाही. महाराष्ट्रातल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेण्यांतले लेख प्राकृत भाषेत आहेत. शिवाय ‘पालि’ हे आधी भाषेचं नावच नव्हतं. बौद्ध भिक्खू मूळ धर्मग्रंथाच्या पाठाला पालि म्हणत. भाषेला ते नाव मागाहून चिकटलं.

गावाची गोष्ट निराळी. संस्कृतात पल्ली म्हणजे लहानशी वस्ती. म्हणून तर पाली एकच नाही. रत्नागिरीजवळ आहे, वांद्र्याला आहे, पार राजस्थानात आहे. आणि त्याच संस्कृतात पल्ली म्हणजे भिंतीवरची पालसुद्धा! दोघींचं नातं काही नाही, उच्चार तेवढा जुळला. कन्नडमध्ये हळ्ळी म्हणजे खेडं आणि हल्ली म्हणजे पाल. आपण म्हणणार, “हल्ली दिसत नाहीस गं,” आणि कानडी सून बघणार भिंतीकडे.

मग खरं नातं ओळखायचं कसं? ल आणि ळ नीट ऐकायचे. संस्कृतातला एकटा ल मराठीत येताना बहुधा ळ होतो: फल-फळ, कमल-कमळ. जोड असलेला ल्ल मात्र ल राहतो. म्हणून पल्लीची झाली पाल. आणि ‘पालि’ म्हणजे ओळ, तिची झाली पाळी. ओळीत आपला नंबर येतो ती पाळी. हा फरक आपल्या आज्यांनी पाटी-पुस्तकाशिवाय जिभेवर सांभाळला. हिंदीत ळ नाही, म्हणून कारखान्यातली परप्रांतीय बाई “मेरी रात की पाली है” म्हणते, तेव्हा ती रात्रपाळीबद्दल बोलत असते. ऐकणाऱ्यांनी तोंडाला पदर लावायचं कारण नाही.

पदर लावतो आपण, कारण दर महिन्याची पाळी मोठ्याने म्हणायची नाही. “अडचण आहे,” “कावळा शिवला,” “बाहेरची आहे,” असं काहीबाही सांगायचं. खरं तर या सगळ्यांत पाळी हाच साधा शब्द. ठरल्या क्रमाने येते ती पाळी, यापलीकडे त्यात काही नाही. कावळ्याचा तर काहीच संबंध नाही! दवाखान्यात ताईंना, घरात लेकीला हाच शब्द सांगावा, असं आम्हाला वाटतं.

आणि त्या पालि भाषेचं नावही याच ओळीतून, ग्रंथातल्या ओळीतून आलेलं मानतात. म्हणजे गावाशी तिचं नातं नाही, पण ज्या शब्दाला आपण लाजतो त्याच्याशी आहे. २०२४ साली मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना एकाच वेळी अभिजात दर्जा मिळाला. पालीत ‘थेरीगाथा’ नावाचा ग्रंथ आहे, सगळा भिक्खुणींच्या नावाने सांगितलेला. त्यातली मुत्ता नावाची बाई उखळातून, मुसळातून आणि कुबड्या नवऱ्यातून सुटल्याचा आनंद सांगते.