अपघात भरपाई : तडजोडीवर सही करण्यापूर्वी

नागपूरहून उमरेड, भिवापूरमार्गे नागभीडला येणाऱ्या महामार्गावर मोटारीच्या अपघातात कुणी जायबंदी झाल्यास पुढील उपचारांसाठी चंद्रपूर किंवा नागपूर गाठावे लागते. कमावता माणूस अंथरुणाला खिळलेला आणि खर्च मात्र वाढता. अशा वेळी विमा कंपनीने देऊ केलेली रक्कम लगेच घ्यावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तडजोड एकदा स्वीकारली की ती सहसा अंतिम ठरते.

मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या या तरतुदी १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. कलम १४९ नुसार विमा कंपनीच्या नियुक्त अधिकाऱ्याने ३० दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे प्रस्ताव ठेवायचा असतो. तो मान्य झाल्यास न्यायाधिकरणाने केलेली नोंद मिळाल्यापासून ३० दिवसांत कंपनीने पैसे द्यायचे. अमान्य केल्यास दाव्याची रीतसर सुनावणी होते; नकारामुळे हक्क बुडत नाही.

कलम १६४ खाली चूक कोणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात. मात्र कलम १४९ च्या प्रक्रियेने ही रक्कम स्वीकारल्यास कलम १६६ खालील मोठ्या भरपाईचा दावा संपुष्टात येतो. म्हणून आधी हिशेब करणे इष्ट.

समजा, ३५ वर्षांच्या वाहनचालकाचे मासिक उत्पन्न १२ हजार रुपये आहे आणि कमाईची क्षमता २० टक्क्यांनी घटली आहे. वार्षिक नुकसान २८,८०० रुपये होते. 'सरला वर्मा' निकालातील (२००९) १६ या गुणकाने ४,६०,८०० रुपये होतात. स्वयंरोजगारासाठी भविष्यातील उत्पन्नवाढीचे ४० टक्के धरल्यास हाच आकडा ६,४५,१२० वर जातो. उपचार, बुडालेली मजुरी आणि वेदना यांची भरपाई वेगळी.

अपंगत्वाचे प्रमाणपत्र म्हणजे कमाईतील घट नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 'राजकुमार विरुद्ध अजयकुमार' प्रकरणात स्पष्ट केले आहे. हात गमावलेल्या चालकाचा रोजगारच जातो. लिपिकाची नोकरी टिकू शकते. त्यामुळे जखम स्थिरावून डॉक्टरांनी अपंगत्व ठरवण्यापूर्वी केलेली तडजोड तोट्याची ठरू शकते. पुढील शस्त्रक्रियेचा अंदाजही लेखी घ्यावा.

तातडीच्या उपचारांसाठी घाईने सही करण्याचे कारण नाही. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्रीय योजनेत नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोकडरहित उपचार मिळतात.

मात्र थांबणे म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे. कायद्याने दाव्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे; ती पाळणेच सुरक्षित. जखमी राहतो त्या भागातील न्यायाधिकरणातही दावा करता येतो. पोलिसांचा अपघात अहवाल, रुग्णालयाची देयके आणि उत्पन्नाचे पुरावे जपून ठेवावेत. लोकअदालतीतील निवाड्यावर अपील नसते, हेही ध्यानात असावे. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अपंगांना चंद्रपूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो. सही त्यांच्या सल्ल्यानंतरच करावी.