प्लॅटिनमचा वर्ख : इंधनघटाची दीडशे वर्षांची काटकसर

१/ हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या संयोगातून थेट वीज देणारा घट म्हणजे इंधनघट, अर्थात फ्युएल सेल. मागे उरते ते पाणी आणि थोडी उष्णता. तरीही तो घरोघरी पोहोचला नाही. यामागचे एक मोठे कारण म्हणजे त्यातील महाग उत्प्रेरक, प्लॅटिनम.

२/ १८४२ साली पेशाने वकील असलेल्या विल्यम ग्रोव्ह यांनी अशा ५० घटांची माळ जोडून तिच्या विजेने पाण्याचे विघटन केले. वायू, आम्ल आणि धातू जिथे एकत्र भेटतात तिथेच क्रिया घडते, हे त्यांनी ओळखले. म्हणजे प्रश्न प्लॅटिनम किती, हा नव्हता. त्याचा किती पृष्ठभाग कामी येतो, हा होता.

३/ १८८९ मध्ये लुडविग माँड आणि कार्ल लँगर यांनी आम्ल सच्छिद्र पडद्यात मुरवले आणि पडद्याच्या दोन्ही अंगांना प्लॅटिनमचा सच्छिद्र वर्ख लावला. घटाने सुमारे ०.७३ व्होल्ट दिले. पण कोळशापासून मिळणाऱ्या स्वस्त वायूतील कार्बन मोनॉक्साइड प्लॅटिनमला निकामी करी.

४/ १९६५ मध्ये जेमिनी-५ यानात इंधनघट अवकाशात गेला. तेथे खर्चाची तमा नव्हती, जमिनीवर होती.

५/ १९८०च्या दशकात अमेरिकेतील लॉस अलामोस प्रयोगशाळेत इलेक्ट्रोडमध्ये नॅफिऑन या बहुवारिकाचे द्रावण मुरवण्यात आले. आत दडलेले कणही कामाला लागले. दर चौरस सेंटिमीटरला लागणारे प्लॅटिनम ४ मिलिग्रॅमवरून ०.४ वर आले. १९९२ मध्ये विल्सन आणि गॉट्सफेल्ड यांनी उत्प्रेरक व नॅफिऑन यांच्या शाईचा पातळ थर वापरून ते ०.२ च्याही खाली आणले.

६/ थ्री-एम कंपनीतील मार्क डेबे व सहकाऱ्यांनी पुढचे पाऊल टाकले. सेंद्रिय रंगद्रव्याच्या अतिसूक्ष्म केसांवर त्यांनी निर्वातात प्लॅटिनमचा सलग पापुद्रा चढवला. कार्बनचा आधारच नसल्याने तो गंजण्याची भीती संपली. मात्र थर इतका पातळ, की थंडीत साचणाऱ्या पाण्याने तो गुदमरू लागला.

७/ धातू वाचवताना वायूला वाट आणि पाण्याला निचरा द्यावाच लागतो. ग्रोव्ह यांनी हेरलेली ती भेटीची जागा आजही इंधनघटाचे मर्म आहे. तिथे प्लॅटिनमचा कण न् कण राबवता आला, तरच ही वीज सामान्यांच्या आवाक्यात येईल.